सांधा

१९ सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या बोगद्यात एक सांधा तापला. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या २७ किलोमीटर परिघाच्या महायंत्रातून प्रोटॉनांची पहिली शलाका फिरली त्याला जेमतेम नऊ दिवस झाले होते, आणि त्या प्रसंगाची छायाचित्रे जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकून गेली होती. आता चुंबकांची चाचणी चालू होती. दोन चुंबकांना जोडणाऱ्या वाहिनीतून ८,७०० अँपिअरचा प्रवाह जात असताना त्यातला एक झाळलेला जोड दगा देऊन गेला. उणे २७१ अंशांना अतिसंवाहक तारेत विद्युतरोध जवळजवळ नसतो; या जोडातला रोध असायला हवा त्याच्या शेकडो पट होता, असे मागाहून हिशेबाने निघाले. ठिणगी पडली, द्रवरूप हेलियमचे आवरण फुटले, सुमारे सहा टन हेलियम बाहेर पडला आणि त्याच्या रेट्याने तीस-तीस टनांहून जड चुंबक जागचे सरकले. काहींची बांधणी तर काँक्रीटच्या जमिनीतून उखडली. ५३ चुंबक वर काढावे लागले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. चौकशी करणाऱ्यांची अडचण अशी झाली की ज्या सांध्याची तपासणी करायची, तोच त्या ठिणगीत वितळून नाहीसा झाला होता. कथिल आणि चांदीचा डाख तिथे नीट पसरलाच नसावा, हा निष्कर्ष इतर सांध्यांकडे पाहून काढावा लागला.

मी मराठीचा अध्यापक. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध बारावीत संपला. तरीही ही हकिगत वाचताना 'डाख' हा शब्द मनात आपोआप उमटला. लहानपणी फुटकी कळशी घेऊन कल्हईवाल्यापुढे बसलो असताना त्याने सांगितलेले आठवले: जागा आधी घासून स्वच्छ कर, नवसागर टाक, भांडे पुरते तापू दे, मग डाख आपसूक धावतो. भांडे कमी तापले तर वरून सांधलेले दिसते आणि आत पोकळ राहते.

कणवेगवर्धकांचा इतिहास आपल्याला बहुधा दोन प्रकारे सांगितला जातो. एक, वाढत्या ऊर्जेच्या आकड्यांचा. दुसरा, नोबेल पारितोषिकांचा. दोन्हींत यंत्र आधी कल्पनेत जन्मते आणि मग 'बांधले जाते'. या कर्मणी प्रयोगात कर्ता कुठे जातो, हा प्रश्न निदान व्याकरण शिकवणाऱ्याने तरी विचारायला हरकत नाही. हा इतिहास सांध्यांवरून वाचला तर वेगळा दिसतो, एवढेच मला येथे दाखवायचे आहे.

अर्नेस्ट लॉरेन्सचा पहिला सायक्लोट्रॉन तळहातावर मावेल एवढा होता. त्याचा व्यास साडेचार इंच. बर्कलीत जानेवारी १९३१ मध्ये त्यातून ८०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे आयन निघाले. त्याची पितळी डबी हवाबंद केली होती ती लाखेसारख्या मेणाने. ती प्रत्यक्ष जुळवून चालवणारा स्टॅन्ली लिव्हिंग्स्टन हा संशोधक विद्यार्थी होता. १९३९ चे नोबेल एकट्या लॉरेन्सला मिळाले. इकडे केंब्रिजमध्ये कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये लिथियमचा अणुगर्भ फोडला. त्यांच्या काचेच्या उंच नळकांड्यांचे जोड प्लॅस्टिसिनने, म्हणजे लहान मुलांच्या खेळातल्या मातीने, लिंपलेले होते. कल्पना कितीही भव्य असो, नळीत हवा शिरली की कण वाटेतच हवेच्या रेणूंवर आपटून विखुरतात. त्यामुळे गळती शोधणे हे त्या काळच्या प्रयोगशाळेतले नित्यकर्म होते.

हवा बाहेर काढण्याचे मोल आपल्याला कलकत्त्यात कळले, तेही फार महागात. मेघनाद साहा यांनी आपले विद्यार्थी बी. डी. नागचौधुरी यांना बर्कलीला लॉरेन्सकडे पाठवले. युद्धकाळात सायक्लोट्रॉनचे सुटे भाग जहाजांनी निघाले. चुंबकाचे सामान पोचले. निर्वात पंप घेऊन येणारे जहाज मात्र जपान्यांनी बुडवले. उरलेले यंत्र दशकाहून अधिक काळ रखडले. विज्ञानाच्या इतिहासात हा प्रसंग दुर्दैव म्हणून येतो. मला त्यात दुसरेही काही दिसते: यंत्राचे गणित येणारे लोक आपल्याकडे होते, पंप बनवणारा कारखाना नव्हता. १९७७ मध्ये कलकत्त्यातच नवा सायक्लोट्रॉन चालू झाला, तेव्हा त्याच्या चुंबकाचे लोखंड रांचीच्या आणि वेटोळी भोपाळच्या कारखान्यातून आली होती. मधल्या काळात नेमके काय घडले ते सिद्धान्ताच्या पुस्तकांत सापडणार नाही.

आता स्टॅनफर्डकडे वळू, कारण सांध्याचा प्रश्न तिथे सर्वांत रोचक झाला. तिथला वेगवर्धक सरळ रेषेतला. तांब्याची लांब नळी, तिच्यात ठरावीक अंतरावर मध्ये भोक असलेल्या तांब्याच्या चकत्या, आणि या कप्प्यांतून धावणाऱ्या सूक्ष्मतरंगावर स्वार होऊन पुढे जाणारे इलेक्ट्रॉन. चकती नळीला कशी जोडायची? सुरुवातीच्या एका यंत्रात बाहेरची नळी तापवून फुगवली, आत चकत्या बसवल्या आणि नळी निवताना त्यांना आवळून धरील अशी योजना केली. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना आपले लोहार-सुतार हेच करत आले आहेत. पण चकतीची कड आणि नळी यांच्यातला स्पर्श जरा जरी सैल झाला तरी तिथे प्रवाह अडतो आणि ऊर्जा उष्णतेत वाया जाते. म्हणून १९६२ ते १९६६ या काळात उभ्या राहिलेल्या दोन मैलांच्या यंत्रासाठी झाळकाम पत्करले गेले. दहा-दहा फुटांचे ९६० तुकडे, त्यांत ऐंशी हजारांहून अधिक कप्पे, प्रत्येक कप्प्याचे माप काही मायक्रॉनांपर्यंत अचूक. चांदी-तांब्याच्या मिश्रधातूने, हायड्रोजनच्या वातावरणात हे सांधे झाळले गेले. तापलेले तांबे उघड्या हवेत काळे पडते. हायड्रोजन त्याला निर्मळ ठेवतो, म्हणजे कल्हईवाल्याच्या नवसागराचेच काम करतो. एवढे करूनही प्रत्येक कप्पा सुरात येईच असे नाही. तेव्हा त्याची भिंत बाहेरून किंचित दाबून, पोचा पाडून, त्याची कंप्रता जुळवून घेत. तांबट आळीतला कारागीर ठोक्यागणिक घंगाळाचा आवाज ऐकतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे कानाची जागा मापकयंत्राने घेतली होती.

तांब्यानंतर अतिसंवाहक धातू आले आणि सांध्याबरोबर पृष्ठभागाचाही प्रश्न उभा राहिला. अशा पोकळीत प्रवाह धातूच्या अगदी वरच्या, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ थरातून वाहतो. म्हणून मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉनला जोड म्हणून जो अतिसंवाहक वेगवर्धक २००७ मध्ये पूर्ण झाला, त्यात तांब्याच्या पोकळ्यांना आतून शिशाचा नुसता पातळ मुलामा दिला आहे. शिसे हवेत काळवंडते, आणि कुलाब्याला तर समुद्र लागून आहे.

निओबियमचे काम याहून अवघड. साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून वाट्या दाबून काढायच्या, दोन वाट्या काठाशी काठ लावून जोडायच्या, अशा नऊ कप्प्यांची माळ करायची. हे वितळजोड निर्वात कोठीत इलेक्ट्रॉनांच्या झोताने करतात, कारण तापलेला निओबियम हवेतले प्राणवायू आणि नायट्रोजन अधाशासारखे शोषून आपली शुद्धता गमावतो. मग आम्लाने वरचा थर खरवडायचा, विजेच्या साह्याने जिल्हई करायची, अतिशुद्ध पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचे आणि धूळमुक्त खोलीत जुळणी करायची. जोडावर धातूचा एक बारीक थेंब उडालेला राहिला किंवा धुळीचा एक कण चिकटला, तर तेवढी जागा तापते आणि सारी पोकळी अतिसंवाहकता सोडून देते. हांबुर्गला २०१७ मध्ये सुरू झालेल्या एक्स-किरण लेझरसाठी अशा सुमारे आठशे पोकळ्या जर्मनी आणि इटलीतल्या दोन कारखान्यांनी घडवल्या. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने याच जोडासाठी वेगळी वाट धरली. इलेक्ट्रॉन-झोताची यंत्रणा महाग, म्हणून त्यांनी निओबियमची पोकळी लेझरने जोडून दाखवली आणि तिची चाचणी अमेरिकेत फर्मीलॅबमध्ये झाली.

इंदूरचा सर्नशीही जुना संबंध आहे. त्या बोगद्यातले लांबलचक चुंबक ज्यांवर उभे आहेत ते सुमारे सात हजार जॅक इंदूरच्या आराखड्यानुसार भारतीय कारखान्यांत तयार झाले. तीसेक टनांचे धूड मायक्रॉनांच्या हिशेबाने इकडे-तिकडे हलवता यावे, ही त्यांची करामत.

२००८ च्या अपघातानंतर यंत्र काही वर्षे मुद्दाम निम्म्या ऊर्जेवर चालवले गेले, कारण उरलेल्या सांध्यांवर पुरता भरवसा नव्हता. हिग्ज कणाची २०१२ ची घोषणा या निम्म्या ताकदीवर झालेली आहे, हे सहसा सांगितले जात नाही. २०१३ आणि २०१४ ही दोन वर्षे यंत्र बंद ठेवून दहा हजारांहून अधिक सांधे उघडले गेले, तपासले गेले. सदोष होते ते नव्याने झाळले, आणि सर्वांवर आधारासाठी तांब्याच्या जादा पट्ट्या डाख लावून बसवल्या. अशा पट्ट्यांची संख्या सुमारे २७,००० होती. २०१५ मध्ये यंत्र जवळजवळ पूर्ण ऊर्जेवर गेले.

त्याच वर्षी हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयीचा एक संयुक्त शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याला ५,१५४ लेखक आहेत. तेहतीस पानांपैकी चोवीस पाने नावे आणि संस्था यांनीच भरली आहेत. एकच लेखक ही कल्पना गृहीत धरून परीक्षेचे प्रश्न काढणाऱ्या आपल्यासारख्यांना ही यादी पाहण्यासारखी आहे. लेखक म्हणून तिच्यात दोन प्रयोगगटांचे सदस्य येतात. बोगद्यात दोन वर्षे सांध्यांपाशी बसून डाख लावणारे त्या गटांचे सदस्य नव्हते.