पोर्शेच्या जुन्या '९११ टर्बो'ला 'विडोमेकर' का म्हणतात?

पोर्शे ९३०, म्हणजेच १९७५ ते १९८९ या काळात बनलेली पहिली ९११ टर्बो. जुन्या स्पोर्ट्स कारचे चाहते आजही तिच्या प्रेमात आहेत. पण तिचं टोपणनाव आहे 'विडोमेकर', म्हणजे चालवणाऱ्याच्या बायकोला विधवा करणारी! असं का?

इंजिन कुठे आहे?
मागच्या चाकांच्याही मागे. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, की वजनाचा भार पुढच्या चाकांवर सरकतो. मागची चाकं पकड सोडतात आणि गाडीचा जड मागचा भाग बाहेर फेकला जातो.

टर्बो लॅग म्हणजे काय?
टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर. इंजिन हळू फिरत असेल तर टर्बोला जोर यायला वेळ लागतो. पाय दाबला तरी आधी फारसं काही घडत नाही आणि मग सगळी ताकद एकदम येते. सुरुवातीला ही ताकद होती २६० हॉर्सपॉवर. १९७८ मध्ये ३.३ लिटरचं इंजिन आलं आणि ती ३०० झाली. हा झटका वळणात बसला तर?

सावरायला काय होतं?
फक्त ड्रायव्हर. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही.

मग चालवायची कशी?
वेग वळणाआधीच, सरळ रस्त्यावर कमी करायचा. वळणात पाय हलका, पण स्थिर ठेवायचा. भीती वाटली तरी तो झटक्यात उचलायचा नाही. अनेकांची चूक नेमकी इथेच व्हायची.