‘नाइस’ शब्दाचा प्रवास

शब्दाचा धात्वर्थ सांगण्याचा मोह आम्हां शिक्षकांना सहसा आवरत नाही. मूळचा अर्थ तोच खरा, नंतरचे सारे भ्रष्ट, अशी आमची एक अस्पष्ट समजूत असते. ती कितपत टिकते हे पाहण्यास इंग्रजीतील ‘नाइस’ हा नित्याचा शब्द पुरेसा आहे.

आज ‘छान’ या अर्थी रूढ असलेला हा शब्द लॅटिनमधील ‘नेस्किउस’पासून निघाला. ‘ने’ म्हणजे न आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. तेव्हा मूळचा ‘नाइस’ मनुष्य अज्ञ होय. ज्या धातूपासून ‘सायन्स’ निघाला त्याचाच हा नकार! जुन्या फ्रेंचमधून 1300 च्या सुमारास तो इंग्रजीत आला तो ‘मूर्ख’ या अर्थाने. चॉसरच्या काव्यातही तो त्या अर्थी आढळतो. पुढे ‘चोखंदळ’, सोळाव्या शतकात ‘काटेकोर’, ‘सूक्ष्म’ अशा पायऱ्या चढत अठराव्या शतकात तो ‘रमणीय’ झाला. सूक्ष्म भेदाला इंग्रजीत अजूनही ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात, तो मधल्या पायरीचा अवशेष होय.

जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर ॲबी’ ही कादंबरी 1817 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तीतील हेन्री टिल्नी, नायिका एका पुस्तकाला ‘नाइस’ म्हणते म्हणून तिची थट्टा करतो. मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा यांपुरताच होता, असे त्याचे म्हणणे. परंतु तो ज्याला मूळ समजला, त्याच्याही मागे ‘मूर्ख’ बसलेलाच होता! मुळाचा हट्ट धरणाऱ्याने थांबावे तरी कोठे?

आमच्या घरातही असाच एक शब्द आहे. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे अध्ययन. सहा वेदांगांपैकी एकाचे ते नावच आहे. हिंदीने विद्येचा अर्थ राखला. मराठीत मात्र ‘शिक्षा’ म्हणजे दंड. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी मुलाने निबंधात ‘माझी शिक्षा येथेच झाली’ असे लिहिले, तर आम्ही तांबडी रेघ ओढतो. ती ओढावीच, परंतु व्युत्पत्तीच्या नावाने नव्हे, कारण व्युत्पत्ती त्या मुलाच्याच बाजूची आहे. आमच्या बाजूला आहे ती केवळ मराठी बोलणाऱ्यांची रूढी. आणि योगापेक्षा रूढी बलवत्तर, हा न्याय आमच्या शास्त्रकारांनी पूर्वीच सांगून ठेवला आहे.

व्युत्पत्ती शब्दाचे कुळ सांगते. त्याचे आजचे वर्तन ठरवीत नाही. म्हणून रेघ ओढल्यावर शब्दाचा प्रवासही त्या मुलास सांगावा. एरवी ‘शिक्षे’चा मराठी अर्थ तेवढा त्याच्या वाट्यास यावयाचा!