बेंजो : नाव आफ्रिकेचे, पेटी जपानची, आवाज महाराष्ट्राचा

१/
वरात निघाली की ताशा कडाडतो, ढोल घुमतो आणि त्या गदारोळातून तारेचा एक धारदार सूर गाण्याची चाल सांगत पुढे जातो. जळकोट-उदगीरच्या लग्नांपासून मुंबईच्या गणेशोत्सवापर्यंत हा सूर साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. त्या वाद्याला सगळे 'बेंजो' म्हणतात. वस्तुतः ते बँजो नाही. हे नाव आणि हे वाद्य एकत्र आले, त्यामागे अनेक खंडांत पसरलेला इतिहास आहे.

२/
आरंभ नावापासून. खरा बँजो आफ्रिकी परंपरेतून आला. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर भोपळ्याला कातडे मढवून, त्याला दांडी आणि तंतू जोडून हे वाद्य घडवले. पुढे ते अमेरिकेत रुजले. त्याला कळा नसतात; वादकाच्या डाव्या हाताची बोटे थेट तंतूंवर पडतात.

३/
वरातीतल्या बेंजोची घडण निराळी आहे. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि वर टंकलेखन यंत्रासारख्या कळांची रांग. डाव्या हाताने कळ दाबली की ती तारेला खालच्या पडद्यावर टेकवते आणि उजव्या हातातील नखी तार छेडते. चालीच्या तारांच्या शेजारी काही तारा एकच सूर धरून असतात.

४/
या पेटीचे मूळ जपानमध्ये आहे. १९१२ साली तेथे तैशो सम्राटाची कारकीर्द सुरू झाली. त्याच वर्षी नागोया शहरातील मोरिता गोरो या वादकाने जुन्या दोनतारी जपानी वाद्याला कळा जोडल्या. युरोपच्या दौऱ्यात पाहिलेल्या टंकलेखन यंत्रावरून ही कल्पना त्याला सुचली, असे सांगतात. वाद्याचे नाव पडले 'तैशोगोतो', म्हणजे तैशो काळातील कोतो. अभिजात कोतो शिकण्यास गुरू आणि दीर्घ साधना लागे. ही पेटी मात्र घरच्या घरी, हौसेने वाजवता येत असे.

५/
पुढच्या काही दशकांत ही पेटी जपानबाहेर पडून दक्षिण आशियात पोहोचली. येथे तिला 'बुलबुल तरंग' हे सुरेल नाव मिळाले. मकरानच्या किनाऱ्यावरील बलोच वादकांनी तिचा आकार वाढवला आणि तिला 'बेंजू' म्हटले. महाराष्ट्रात ती 'बेंजो' झाली. अशा रीतीने अटलांटिकपलीकडच्या वाद्याचे नाव नागोयाच्या पेटीला चिकटले.

६/
मराठी कानाला ही पेटी परकी वाटण्याचे कारण नव्हते. गोंधळात संबळाच्या जोडीला तुणतुणे एकच सूर लावून धरते आणि त्या आधारावर गाणे चालते. शास्त्रीय गायनात हेच काम तंबोरा करतो. बेंजोच्या बाजूच्या तारा त्याच रीतीने वाजतात : चाल फिरत राहते, आधारसूर जागचा हलत नाही.

७/
हौशी वादकापुढे तीन अडचणी असतात. सूर अचूक लागला पाहिजे, वाद्य वाहून नेता आले पाहिजे आणि गर्दीत ते ऐकू आले पाहिजे. कळा आणि पडदे यांनी बेंजोची पहिली अडचण सोडवली, आटोपशीर पेटीने दुसरी. तिसरी वीज आल्यावर सुटली. जगाच्या दुसऱ्या टोकाला बास गिटारचा जन्मही याच तीन अडचणींतून झाला.

८/
अमेरिकी वाद्यवृंदांत खर्जाचे काम डबल बास करी. माणसाहून उंच, पडदे नसलेले आणि ब्रास वाद्यांपुढे दबून जाणारे हे वाद्य होते. सिएटलच्या पॉल टटमार्क याने १९३०च्या दशकात पडदे असलेला विजेवरचा बास बनवला, पण तो फारसा चालला नाही. १९५१ साली लिओ फेंडरने 'प्रिसिजन बास' बाजारात आणला. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, हेच त्याच्या नावात सांगितले होते. फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे.

९/
त्या वर्षी जळकोट हैदराबाद राज्यात होते आणि मराठवाड्यातील अनेक खेड्यांत वीज पोहोचायची होती. ती आल्यावर इकडेही रेडिओ आणि भोंगे दुरुस्त करणारे हात तयार झाले. वाद्य आणि वीज यांचा मेळ घालणारा माणूस बहुधा असाच असतो : निम्मा कारागीर, निम्मा हौशी.

१०/
तिसऱ्या अडचणीवरचा उपाय म्हणजे पिकअप. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते, वेढ्यांत सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. बेंजोच्या तारा पोलादी असल्याने गिटारची ही युक्ती त्याला सहज लागू पडली. पेटीवर पिकअप, कडेला आवाजाचे बटण, मागे केबल आणि गाडीवर भोंगा. बेंजो रस्त्यावर उतरला.

११/
पण विजेबरोबर गुणगुणही आली. भारतातील घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते आणि साधा पिकअप ती लहर पकडतो. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा तिसऱ्या पडद्यावरील सूर सेकंदाला ४९ कंपनांचा असतो. म्हणजे ही गुणगुण त्याच्या जवळजवळ शेजारीच बसते. दोन वेटोळी उलटसुलट जोडून ती लहर मारण्याचा उपाय गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५च्या सुमारास साधला. पिकअपवर धातूचे आवरण घालणे, अर्थिंग नीट करणे हे उपाय आजही हौशी वादक स्वतःच करतात.

१२/
विजेवरच्या तारा मराठी मुलखात दोन वाटांनी आल्या. एक वाट गोव्याची. तेथील चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणारे टोनी वाझ याच परंपरेतील. दुसरी वाट बेंजोची. ना शाळा, ना नोटेशन. गाणे ऐकायचे, कळांवर शोधायचे आणि मिरवणुकीत वाजवायचे. पहिल्या वाटेवरील सूर ध्वनिमुद्रिकांत जपले गेले. दुसऱ्या वाटेवरचे बहुतेक रस्त्यावरच विरले.

१३/
२०१६ साली रवी जाधव दिग्दर्शित 'बँजो' हा हिंदी चित्रपट आला. नायक होता लातूरच्या देशमुख घराण्यातील रितेश देशमुख. वाद्य वरातीला हवे असते, पण वादकाला मान नसतो, ही व्यथा पडद्यावर आली. दरम्यान रस्त्याचा आवाज बदलला होता. डीजेच्या भिंतींनी खर्जाचा ठोका इतका मोठा केला की चाल सांगणाऱ्या तारेला जागा उरेना. ऐकू जाण्याची तिसरी अडचण यंत्राने पूर्ण सोडवली आणि त्यात वादकच मागे पडला.

१४/
लिओ फेंडरचे नाव जगाला ठाऊक आहे. बाजारपेठेच्या गावातील ज्या मिस्त्रीने कुणाच्या बेंजोला पिकअप बसवला, घोडी घासून तारांची उंची जुळवली, सैल कळेची स्प्रिंग बदलली, त्याचे नाव गावाबाहेर जात नाही. असे मिस्त्री आणि वादक वृद्ध होत आहेत. गावातील जुन्या बेंजोवादकाकडे जाऊन त्याची पेटी कुठून आली, तिच्यात वीज कोणी आणि कधी घातली, तारा कोणत्या सुरांत जुळवल्या, हे तारखेसह लिहून ठेवणे आणि त्याची एखादी चाल ध्वनिमुद्रित करणे, एवढे काम एका दुपारचे आहे. पुढच्या इतिहासकाराला तेच साधन उपयोगी पडेल.