जोकरचे हसू आणि एक भांडखोर उत्तरार्ध

टॉड फिलिप्स यांच्या ‘जोकर’ (२०१९) या चित्रपटाचा उत्तरार्ध, ‘जोकर: फोली आ दू’, २०२४ साली आला, तेव्हा त्याच्यावर सर्वाधिक चिडले ते पूर्वार्धाचे चाहतेच. पूर्वार्धाला व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाला होता, वाक्विन फीनिक्सला ऑस्कर मिळाले होते आणि जगभरातील उत्पन्न शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेले होते. उत्तरार्ध त्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्यावर थांबला. तो पूर्वार्धाच्या तोडीचा नाही, हे आम्हीही मान्य करतो. मात्र त्याचे जे कारण सर्वत्र सांगितले गेले, म्हणजे नायकाने अखेरीस आपले जोकरपण नाकारले हे, ते आम्हांला पटत नाही.

(येथे ‘नायक’ म्हणताना अडखळायला होते. ‘प्रतिनायक’ म्हणावे तर संस्कृत नाट्यविचारात तो नायकाचा विरोधक, रामापुढचा रावण. आर्थर फ्लेकसमोर राम नाहीच. म्हणून आम्ही ‘अनायक’ म्हणतो.)

या अनायकाचे मूळ साहित्यात आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९ च्या ‘हसणारा माणूस’ या कादंबरीत ग्विनप्लेन नावाच्या मुलाचे तोंड राजाज्ञेने कापून त्याच्या चेहऱ्यावर कायमचे हसू कोरले जाते. पुढे तो उमराव ठरतो, उमरावांच्या सभागृहात उपाशी जनतेची कैफियत मांडतो, आणि सारे सभागृह त्याचा चेहरा पाहून हसत सुटते. पॉल लेनी यांनी १९२८ साली या कादंबरीवर चित्रपट केला. त्यातील कॉनराड फाइटचा चेहरा समोर ठेवून १९४० साली ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात जोकर अवतरला. तो नक्की कोणाचा, यावर बिल फिंगर, बॉब केन आणि जेरी रॉबिन्सन यांचे एकमत कधी झाले नाही. पण चेहरा उचलताना त्यामागची कैफियत मागेच राहिली. कॉमिकमध्ये उरला तो हसरा खुनी. १९८८ मध्ये अ‍ॅलन मूर आणि ब्रायन बॉलंड यांनी ‘द किलिंग जोक’मध्ये त्याला अपयशी विनोदी नटाचा भूतकाळ दिला, तोही त्याच्याच तोंडून संशयास्पद ठरवून. २०१९ च्या चित्रपटाचे खरे कर्तृत्व असे की, आर्थरचे हसू हा त्यात आजार आहे. ते नको तेव्हा उसळते आणि त्याचा गळा आवळते. ह्यूगोची जखम दीडशे वर्षांनी जागेवर आली.

उत्तरार्धात आर्थर तुरुंगात आहे, खटला चालू आहे आणि त्याच्या खुनांवर दूरचित्रवाणीपट निघालेला आहे. तो पाहून ली (लेडी गागा) प्रेमात पडते, अर्थात जोकरच्या. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. ‘डॉन किहोते’च्या १६१५ च्या दुसऱ्या भागातील ड्यूक आणि त्याची पत्नी १६०५ चा पहिला भाग वाचून बसलेले असतात आणि त्याच वाचनाच्या बळावर त्या सरदाराची थट्टा करतात. शेवटी किहोतेही आपले वीरपण नाकारून साधा आलोन्सो किहानो म्हणून मरतो. तेवढ्यावरून वाचकांनी सर्व्हान्टिसला टाकून दिले नाही. म्हणजे दोष नकारात नाही. तो नकार कशातून येतो, हे पाहिले पाहिजे.

येथे गॅरी पडल्सच्या साक्षीपाशी थांबावे लागते. पूर्वार्धात आर्थर या बुटक्या सहकाऱ्यादेखत एकाचा खून करतो आणि गॅरीला जाऊ देतो. पण दाराची कडी गॅरीच्या हाताला पोहोचत नाही, म्हणून खुन्यालाच ती काढायची विनवणी करावी लागते. त्या प्रसंगी चित्रपटगृहात लोक हसले. आम्हीही हसलो. उत्तरार्धात तोच गॅरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगतो की, आर्थर एकटाच असा होता जो त्याला कधी हसला नाही, आणि त्या दिवसापासून भीतीने त्याचे आयुष्य विस्कटले आहे. रंग फासून स्वतःचा खटला लढवणारा आर्थर क्षणभर गप्प होतो. उमरावांच्या त्या सभागृहात आपण बसलो होतो, हे आम्हांला येथे कळले. इतके बोचरे पूर्वार्धातही काही नाही.

दुर्दैव असे की, दिग्दर्शकाचाच या साक्षीवर भरवसा नाही. लगेच पहारेकरी आर्थरला अमानुष मारतात, त्याच्या बाजूने ओरडणाऱ्या पोरसवद्या कैद्याचा गळा घोटतात, आणि मग तो न्यायालयात जोकर नाकारतो. परिवर्तनाचे श्रेय गॅरीच्या शब्दांऐवजी दंडुक्याला जाते. किहोतेच्या उशाशी सांचो होता, पुन्हा मोहिमेवर निघू म्हणून विनवणारा. लीला मात्र बाजू मांडायला गाण्याखेरीज जागाच मिळत नाही, आणि ती जुनी अमेरिकन गाणी आधीच कळलेले पुन्हा सांगतात. (आमच्यातील दोघांना ती आवडली, तो वाद मिटलेला नाही.)

अखेरीस तुरुंगाच्या मार्गिकेत एक तरुण कैदी आर्थरला भोसकतो. कॅमेरा मरणाऱ्या चेहऱ्यावर स्थिर राहतो, आणि मागे, धूसर, तो तरुण त्याच पात्याने स्वतःचे तोंड चिरताना दिसतो. ह्यूगोच्या कथेत ते पाते राजाच्या माणसांच्या हाती होते.