कुंडलिकेचं पाणी आणि मुंबईचा दिवा: भिऱ्याची शंभर वर्षं

हा एपिसोड ऐकायचा राहिला असेल किंवा लोकलच्या गर्दीत अर्धवट ऐकू आला असेल, तर आता निवांत वाचा. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझं 'म्हणजे म्हणजे' काढून टाकलंय.

सुरुवात करूया रोह्यातून. रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची दोन गावं. नगरपरिषदही दोघांची मिळून एकच, रोहा अष्टमी नगरपरिषद. पुलावर उभं राहून खाली बघा. उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्या आटतात, नुसते धोंडे उरतात. कुंडलिका मात्र मे महिन्यातही वाहते. कोलाडला राफ्टिंग केलं असेल तर आठवा, बोटी सकाळीच का निघतात? कारण वर भिऱ्याहून पाणी सुटल्यावरच नदीला जोर येतो.

आता गंमत बघा. हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच! हे मुळा नदीचं पाणी. मुळशीला ते अडवलं नसतं, तर पुण्यावरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. त्याला उलटं वळवून सह्याद्रीवरून खाली कोकणात उतरवलंय. कशासाठी? विजेसाठी.

गोष्ट सुरू होते मुंबईत. गिरण्या कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा आणि धूर वेगळाच. जमशेटजी टाटांच्या डोक्यात होतं की घाटमाथ्यावर एवढा पाऊस पडतो, तर ते पाणी साठवून खाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची. ते १९०४ साली वारले, पण कल्पना मागे राहिली. १९१० मध्ये कंपनी उभी राहिली, १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोचली, १९२२ मध्ये भिवपुरी सुरू झालं आणि १९२७ मध्ये भिरा.

थोडं गणित करू, घाबरू नका. मुळशीचं पाणी भिऱ्याला सुमारे पाचशे मीटर खाली पडतं. वीस लिटरची एक बादली एवढ्या उंचीवरून टर्बाइनवर सोडली, तर साधारण तुमचा मोबाइल एकदा फुल चार्ज होईल एवढी वीज मिळते. गच्चीवरची हजार लिटरची टाकी रिकामी केली तर एक युनिट, फार तर थोडं जास्त. म्हणजे शहर चालवायचं तर किती पाणी लागेल? आणि ते साठवायला किती जमीन?

ती जमीन कुणाची होती, हा या गोष्टीचा दुसरा भाग.

मुळशी खोऱ्यात पन्नासहून अधिक गावं होती. मावळ्यांची भातशेती होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घ्यायचं ठरवलं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी, आणि याच लढ्याने त्यांना 'सेनापती' केलं. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'.

लढा का हरला? नुसतं 'कंपनी मोठी होती' म्हणून भागत नाही. बऱ्याच जमिनी सावकारांकडे गहाण होत्या, कागदावर मालक वेगळा आणि नांगर धरणारा वेगळा. मालकाला नुकसानभरपाई मिळाली की त्याचं काम झालं. कसणाऱ्याच्या हातात मात्र काहीच येणार नव्हतं. लढा आतूनच फुटला. १९२४ च्या अखेरीस कामगारांची गाडी अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांत भिऱ्याची चाकं फिरू लागली. ज्यांची गावं बुडाली त्यांच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि विजेच्या तारा ज्या डोंगरांवरून गेल्या तिथल्या वाड्यांवर रात्री रॉकेलचे दिवेच राहिले.

एवढं ऐकून 'टाटा वाईट, विषय संपला' असं म्हणू नका. तेच पाणी भिऱ्याखाली आणखी कामाला लागलं. सरकारने तिथे दुसरं वीजघर बांधलं, ४०-४० मेगावॅटचे दोन संच. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालव्यांनी ते शेतात गेलं आणि धाटावच्या एमआयडीसीलाही नदीचाच आधार मिळाला. मुळशीचं नुकसान आणि रोह्याचा फायदा एकाच पाण्यातून आले, हे कबूल केल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

आता उडी मारून नव्वदच्या दशकात येऊ. स्वातंत्र्यानंतर वीज हे सरकारचं काम झालं होतं. १९६० साली राज्य वीज मंडळ आलं, मग कोयना आलं, तरी मागणी पुढे आणि वीज मागे. १९९२ मध्ये एन्रॉनशी बोलणी झाली आणि गुहागरजवळ दाभोळ प्रकल्प उभा राहिला. करार असा, की वीज घ्या नाहीतर घेऊ नका, ठरलेले पैसे द्यायचे. इंधन डॉलरमध्ये, बिल रुपयात. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणंच बंद केलं. मुळशीने शिकवलं की जमीन कुणाची ते विचारा. दाभोळने शिकवलं की करार वाचा.

त्यानंतर २००३ चा वीज कायदा आला, २००५ मध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि २००८ पासून वीज चक्क बाजारात विकली जाऊ लागली. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा भाव! भाजी मंडईसारखंच. दुपारी सोलरची वीज भरपूर, भाव पडतो. संध्याकाळी ऊन गेलं, घरोघरी दिवे, पंखे, एसी लागले की भाव चढतो. म्हणूनच २०२३ मध्ये केंद्राने वेळेनुसार दर लावायचे नियम केले, दुपारी स्वस्त आणि गर्दीच्या वेळी महाग.

आणि इथे म्हातारं भिरा पुन्हा तरुण होतं. कोळशाचं केंद्र थंड पडलं तर सुरू व्हायला कित्येक तास लागतात. पाण्याचा संच काही मिनिटांत चालू होतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा शहर परत उजळायला टाटांचे जलविद्युत संचही कामाला आले. शिवाय भिऱ्याला नव्वदच्या दशकातच १५० मेगावॅटचा उलटा-सुलटा चालणारा संच बसलाय. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, महाग असताना खाली सोडायचं. अख्खा डोंगर म्हणजे एक पॉवर बँक!

भारताला २०३० पर्यंत जीवाश्म इंधनाशिवायची ५०० गिगावॅट क्षमता उभारायची आहे. एवढं सोलर आलं तर रात्रीसाठी साठवण लागणारच. म्हणून सगळ्यांची नजर पुन्हा सह्याद्रीवर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात दोन प्रकल्पांचा करार झाला, शिरवत्याला १८०० मेगावॅट आणि आपल्याच रायगडात भिवपुरीला १००० मेगावॅट. या वेळी १८९४ चा कायदा नाही, त्याच्या जागी २०१३ चा आला. त्यात पुनर्वसन आहे, आणि जमिनीवर पोट असलेल्या कसणाऱ्याचाही विचार आहे. कागदावर तरी शंभर वर्षांपूर्वीची चूक दुरुस्त झालीय. पण कागद आणि बांध यांत अंतर असतं, हे मावळातल्या कुणालाही विचारा.

वीज हवीच. ती नको म्हणणारा हा एपिसोड मोबाइलवर ऐकणार तरी कसा? प्रश्न एवढाच की पाणी कुणाचं, जमीन कुणाची आणि दिवा आधी कुणाच्या घरात. मुळशीत हे प्रश्न विचारणारे तुरुंगात गेले. आपल्याला ते ग्रामसभेत आणि वीज आयोगाच्या जनसुनावणीत विचारता येतात. मग विचारू की!

जाता जाता एक काम. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, गावात वीज कधी आली आणि पहिला बल्ब कुणाच्या ओटीवर लागला. त्यांचं उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आपल्या भागाचा तोही इतिहासच.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि फोन शक्यतो दुपारी चार्ज करा!