चाप आखूड झाला, तो हातासाठी

जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेले कोल्टचे पिस्तूल अमेरिकी सैन्याने मार्च १९११ मध्ये स्वीकारले, तेव्हा चाचणीत त्याने ६,००० गोळ्या विनाबिघाड झाडल्या होत्या. तरीही पहिल्या महायुद्धानंतर त्याचा चाप बदलावा लागला. दोष यंत्रात असता, तर दुरुस्ती आतल्या भागांची झाली असती. ती तशी झाली नाही. चाप सरळ मागे सरकतो, मॅगझिनच्या दोन्ही अंगांनी गेलेली त्याची पट्टी सिअरला, म्हणजे घोडा अडवून धरणाऱ्या खटक्याला, रेटते आणि घोडा सुटतो. ही रचना जशीच्या तशी राहिली. बदलले ते हाताला लागणारे भाग. चाप आखूड झाला, त्यामागे चौकटीच्या दोन्ही बाजूंना बोटासाठी खोलगट जागा कोरली गेली, मुठीची मागची बाजू फुगीर झाली. १९२६ मध्ये या रूपाला एम१९११ए१ हे नाव मिळाले. लहान हाताच्या शिपायाचे बोट चापावर नीट बसावे, हाच त्यामागचा विचार होता.

यावर आक्षेप येतो, की पुढे कित्येक नेमबाजांनी पुन्हा लांब चाप आणि सपाट मूठ पसंत केली, म्हणजे सैन्याचा निर्णय चुकला. मला हे पटत नाही. नेमबाज स्वतःच्या पंजापुरते पाहतो, सैन्याला मात्र एकच पिस्तूल असंख्य हातांत द्यायचे असते. उलट, या आवडीनिवडीतूनही मुद्दा हाताच्या मापाचाच होता हे सिद्ध होते. आतल्या रचनेत मोठी भर मात्र कोल्टने पुढे १९८३ मध्ये घातली: चाप ओढल्याशिवाय फायरिंग पिन पुढे जाऊ न देणारा अडसर.