काटा, सूज आणि खपली

पायात काटा रुतला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, फुगते, तापते आणि ठणकू लागते. रोमन ग्रंथकार सेल्सस याने पहिल्या शतकात हीच चार लक्षणे नोंदवून ठेविली आहेत. परंतु ही सूज शत्रूची की आपल्याच सैन्याची, याचा निवाडा व्हावयास फार काळ जावा लागला. सूज हा रोग नसून शरीराची हितकर क्रिया आहे, असे लंडनच्या जॉन हंटरने म्हटले. त्याचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1794 साली, प्रसिद्ध झाला. पण ती क्रिया करतो कोण, हे दाखविण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. 1867 मध्ये कोनहाइमने बेडकाच्या रक्तवाहिन्यांतून श्वेतपेशी बाहेर पडताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तरीही या पेशी जंतूंना पोटात घेऊन शरीरभर पसरवितात, अशीच तेव्हाच्या बहुतेक पंडितांची समजूत होती.

ही समजूत मोडण्यास कारण झाला तोही एक काटाच. रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ ओडेसातील प्राध्यापकी सोडून 1882 मध्ये सिसिलीतील मेसिना येथे राहावयास गेला होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडे पाहावयास गेली आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शकाशी बसून राहिला. ताराामाशाच्या पारदर्शक डिंभातील फिरत्या पेशी पाहता पाहता त्याच्या मनात आले, की या पेशी शरीराच्या रक्षणासाठीच तर नसतील? तसे असेल, तर बाहेरून खुपसलेल्या वस्तूभोवती त्यांनी गोळा व्हावयास हवे. तो उठला, बागेत गेला, गुलाबाचे काटे आणले आणि डिंभांच्या त्वचेखाली खुपसले. ती रात्र त्याला झोप लागली नाही. पहाटे पाहतो तो काट्याभोवती पेशींचे कडे पडलेले! त्याच्या समजुतीप्रमाणे डिंभाला ना रक्तवाहिन्या होत्या, ना मज्जासंस्था. म्हणजे ही धाव कोणाच्या आज्ञेने नव्हे, पेशींच्या उपजत स्वभावाने झाली होती. ज्या शहरी हा प्रयोग झाला, ते 1908 च्या डिसेंबरात भूकंपाने जमीनदोस्त झाले. त्याच महिन्यात मेचनिकॉफला पॉल अर्लिखसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले होते.

मधली पंचवीस वर्षे मात्र वादात गेली. 1890 मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी रक्तद्रवातील प्रतिविषे दाखविली, आणि जर्मन विद्वानांचा कल रक्तद्रवाकडे झुकला. मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून पेशींची बाजू लढवीत राहिला. त्याचाच ओडेसातील शिष्य हाफकिन. 1897 च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस त्याने प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या संस्थेवरील त्याचे नाव आम्हां मराठी मंडळींच्या नित्य परिचयाचे, पण त्याच्या गुरूच्या काट्याची गोष्ट आमच्यापैकी किती जणांनी ऐकली असेल?

भक्षक पेशी जंतू खातात हे मान्य झाले, तरी जखम भरण्याशी त्यांचा संबंध काय, हा प्रश्न उरलाच. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, त्यांत शोधन आणि रोपण यांस वेगवेगळे स्थान आहे. आधुनिक वैद्यकही बराच काळ तसेच मानीत आले: आधी सफाई, मग बांधकाम, सफाईवाले वेगळे, गवंडी वेगळे. 1972 मध्ये सिम्पसन आणि रॉस यांनी गिनीपिगच्या रक्तातील न्यूट्रोफिल पेशी जवळजवळ नाहीशा केल्या. निर्जंतुक जखमा तरीही भरल्या. 1975 मध्ये लिबोविच आणि रॉस यांनी मॅक्रोफेज या मोठ्या भक्षक पेशी हटविल्या. तेव्हा मात्र जखमेतील मळ तसाच साचून राहिला आणि नवे तंतू विणणाऱ्या पेशी उशिरा आल्या. झाडू मारणाराच गवंड्यांना हाक घालीत होता, असे या प्रयोगांवरून म्हणावयास हरकत नाही.

त्याहून आश्चर्य त्वचेचेच आहे. जखमेच्या कडेच्या केरॅटिनोसाइट पेशी काही तासांतच शेजारणींचे हात सोडतात, चपट्या होतात आणि खपलीखालून सरपटत उघड्या जागेवर पसरू लागतात. त्यांना निघण्याचा इशारा मिळतो कोठून? इशारे अनेक आहेत. पण त्यांतील एक जंतुनाशकच निघाला. एलएल-37 हे सदतीस अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन. उपजत प्रतिकारशक्तीचे हे जुने शस्त्र जंतूंची आवरणे फोडते. 2003 मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी दाखविले, की ताज्या जखमेत ते झपाट्याने वाढते, जखम मिटताच ओसरते, आणि प्रयोगशाळेत त्यास प्रतिपिंडांनी अडविले तर त्वचेची वाटचाल खुंटते. महिनोन्महिने न भरणाऱ्या व्रणांच्या कडेच्या त्वचेत ते आढळलेच नाही.

पायावरील असा व्रण घेऊन वर्षानुवर्षे पट्ट्या बदलीत बसलेला वृद्ध ज्या घरात आहे, त्या घरास ही वार्ता केवळ शास्त्रीय वाटणार नाही. 2014 मध्ये शिरांच्या विकाराने झालेल्या अशा व्रणांच्या 34 रुग्णांवर या प्रथिनाची चाचणी प्रसिद्ध झाली. कमी आणि मध्यम मात्रेने व्रण लवकर आकसले. सर्वांत मोठ्या मात्रेने मात्र नकली औषधाहून अधिक काही साधले नाही. पुढच्या मोठ्या चाचणीत तर सर्व रुग्ण एकत्र धरता लाभ सिद्ध झाला नाही; फक्त मोठ्या व्रणांच्या गटात काही आशा दिसली.